घरात कुणालाच काही नाही

नावं घेत नाही, गावही सांगत नाही. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातलं, विट्यापासून दुचाकीवर अर्ध्या तासाचं गाव, एवढं पुरे. माणसं नात्यानंच ओळखू: मुलगा, त्याचे वडील, आत्या, थोरले चुलते, धाकटे चुलते. घर गलाईवाल्यांचं, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांचं आहे. ते आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळा घोळ त्याच्याशीच येऊन थांबतो.

जानेवारी 2024 मध्ये मुलगा माझ्या दवाखान्यात आला तो आजारी म्हणून नव्हे, तक्रार घेऊन. वय 27. कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला. लग्नाचं बघणं सुरू होणार म्हणून वडिलांनी त्याला मुदत विमा काढायला लावलेला. विमा कंपनीनं रक्त तपासलं आणि पॉलिसी अडकवून ठेवली. रिपोर्ट माझ्यापुढं सारत म्हणाला, “सर, यांची मशिन बिघडलीय. मी रोज पाच किलोमीटर पळतो.”

एकूण कोलेस्ट्रॉल 328, ट्रायग्लिसराइड 140, एचडीएल 42, एलडीएल 258. साखर उत्तम, रक्तदाब 118/76, वजन 63 किलो. सिगारेट नाही, दारू नाही. एलडीएल म्हणजे लोक ज्याला वाईट कोलेस्ट्रॉल म्हणतात ते. खाण्यानं, बैठ्या कामानं, पोट सुटल्यानं ते दीडशे-एकशे साठपर्यंत चढलेलं मी रोज बघतो. पण सडसडीत, पळणाऱ्या पोरात 258 निघालं तर त्याचा दोष वडापावावर टाकता येत नाही. 190 च्या पुढं आकडा गेला की घराण्याकडं बघायचं, हे आम्हाला विद्यार्थीदशेतच शिकवलेलं असतं.

विम्याच्या अर्जाची प्रत त्याच्या फोनमध्ये होती. कुटुंबात कुणाला हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब, कर्करोग आहे का? चार चौकटी, चारही ठिकाणी ‘नाही’. त्यानं काही लपवलं नव्हतं, त्याला तसंच माहीत होतं. आणि त्याला हसायचा अधिकार मला नव्हता. 2019 मध्ये तापासाठी आला होता तेव्हाचं त्याचं कार्ड मी कपाटातून काढलं. त्यावर माझ्याच अक्षरात होतं: ‘कौटुंबिक इतिहास – विशेष काही नाही.’ त्या दिवशी मी त्याला काही विचारलं होतं की सवयीनं लिहून टाकलं होतं, ते आता आठवत नाही. बहुधा सवयीनं.

दुसऱ्या लॅबमधून पुन्हा तपासलं, एलडीएल 254. थायरॉइड, लघवीतली प्रथिनं, यकृत सगळं ठीक. म्हणजे दुसऱ्या कुठल्या आजारानं वाढलेलं नाही. मग मी सरळ विचारलं, “आजोबा कशानं गेले?”

“तेजाबानं.”

“आणि थोरले चुलते?”

“ते पण तसंच. छाती खराब झाली होती, सर. आमच्याकडं सगळ्यांचं तेच आहे.”

तेजाब

ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हा मूळचा दुष्काळी पट्टा. शेती भागवत नाही म्हणून इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात बाहेर पडली. तमिळनाडू, केरळ, बंगाल, पंजाब, कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफी गल्लीत जा, आत कुठंतरी बोळात विट्याकडचा माणूस भट्टी लावून बसलेला सापडतो. जुनं सोनं मुशीत वितळवायचं, त्यात चांदी मिसळायची आणि ते तेजाबात, म्हणजे नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये सोडायचं. चांदी आणि बाकीचे धातू विरघळतात, सोनं तळाला राहतं. त्या वेळी जो तांबूस-पिवळा धूर उठतो तो फुफ्फुसाला खरोखरच वाईट. बंद खोलीत भरपूर प्रमाणात गेला तर माणूस दगावूही शकतो.

तेव्हा ‘तेजाबानं गेले’ हे काही अडाणीपणाचं बोलणं नव्हे. धंदा जीवघेणा आहेच, आणि चाळिशी-पंचेचाळिशीत माणसं गेली की कारण शोधायला लांब जावं लागत नाही. हेच मला या प्रकरणात सगळ्यांत अवघड वाटलं. करणी-बाधेची गोष्ट सांगितली असती तर कॉलेजात शिकलेल्या पोरानं ती झटकली असती. ही गोष्ट निम्मी खरी होती, म्हणून ती टिकली. शिवाय तिच्यात पोरासाठी एक दिलासा होता: तो भट्टीवर बसलेला नाही, म्हणजे तो सुटला.

मोबाइलमधली वंशावळ

गंमत अशी की या मुलाला आपलं घराणं माहीत नव्हतं असं नाही. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायची जी धांदल उडाली, तीत हा पुढं होता. तहसीलला खेपा घातल्या, मोडी वाचणारा गाठला, जुनं कोतवाल बुक उलगडून घेतलं आणि सहा पिढ्यांची वंशावळ तयार केली. ती त्याच्या फोनमध्ये पीडीएफ करून ठेवलेली होती, स्वच्छ टाइप केलेली. खापरपणजोबांच्या भावांची नावं तो तोंडपाठ सांगत होता.

मी ती वंशावळ मोठी करून बघितली. त्यात एकही बाई नव्हती. आत्या नाही, आजी नाही, त्याची स्वतःची सख्खी बहीणही नाही. कोण किती वर्षांचा होऊन गेला हेही नाही. जमिनीच्या आणि जातीच्या कामाला जेवढं लागतं तेवढंच. आमच्याकडं अजून हेळवी येतात, त्यांच्या चोपड्यांतही घराण्याची नावं पिढीमागून पिढी असतात. तिथंही हाच नमुना. आपण पूर्वजांची आठवण ठेवतो ती वारसा मिळण्यासाठी. रक्तातून जे मिळतं त्याची नोंद ठेवायला कुणी सांगितलेलंच नाही.

तरी सांगाडा तयार होता. मी कोरा कागद घेतला, त्याची वंशावळ आजोबांपासून खाली उतरवली, पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, आणि म्हणालो, “गोल रिकामे आहेत. कोण भरेल?”

तो जरा विचार करून म्हणाला, “आत्याला विचारतो.”

आत्या

आत्या दिलेल्या आटपाडी तालुक्यात. वय 58. आठवड्याभरानं डाळिंबाची पिशवी घेऊन आल्या, आणि मी कागद पुढं ओढायच्या आत बोलायला लागल्या.

“अण्णांचं तेजाबानं झालं म्हणत्यात न्हवं? त्या दिवशी दुकान बंद हुतं, डाक्टर. ऐतवार हुता. मी हुते की तिथं सेलमला, आईबरोबर. अठरा वर्षांची. सकाळी अंघूळ करून बसलं, म्हनलं डावा हात लय भरून आलाय. आईनं तेल लावून चोळला. घाम असा सुटला की सदरा पिळून घ्यावा. चा ठेवस्तवर गेलं.”

“हे कधीचं?”

“इंदिराबाई गेल्या त्या सालच्या बेंदरात.”

म्हणजे 1984, आजोबांचं वय 46. मुलाचे वडील तेव्हा 14 वर्षांचे, शाळेसाठी गावाकडं आजीजवळ. त्यांना कळलं ते तार आल्यावर, आणि जे कळलं ते दुकानातल्या माणसांनी सांगितलेलं. पुढं घरात ती पुरुषांची गोष्ट चालू राहिली. जी पोरगी समोर उभी होती तिचं लग्न होऊन ती दुसऱ्या घरी गेली.

थोरले चुलते 2004 मध्ये गेले, 44 व्या वर्षी. सुनामी आली त्या सालच्या यात्रेला कोइमतूरहून गावी येताना गाडीत, रात्री झोपेत. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आत्यांनी त्यात भर घातली ती त्याआधीच्या दोन महिन्यांची: थोरली वहिनी फोनवर सांगायची की जिना चढताना मधेच बसतात, गॅस झालाय म्हणतात, सोडा पितात.

आणखी एक चुलत आजोबा होते, पन्नाशीत गेलेले. मी उत्साहानं तोही चौकोन रंगवायला घेतला, तर आत्या म्हणाल्या, “त्येंना साप चावला हुता.” सापच चावला होता, दोन दात उठलेले साऱ्या गावानं बघितले होते. मी खोडरबर घेतलं. असा इतिहास घेताना हा मोह फार होतो. एकदा धागा सापडला की प्रत्येक मयत त्यात ओवावंसं वाटतं.

मी विचारलं, “आत्या, हे एवढं तुम्ही कुणाला सांगितलं नाही?”

“मला कुणी इच्यारलं?”

बोलता बोलता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. दोन्ही पापण्यांवर, नाकाच्या बाजूला, पिवळसर चपटे डाग होते. चरबीचे डाग म्हणून त्यांनी ते दोनदा जाळून घेतले होते, पुन्हा आले होते. त्याच दिवशी रक्त घेतलं. एलडीएल 233.

वडिलांची टाच

वडील यायला तयार नव्हते. ते 54 चे, आता दुकान पुतण्याकडं सोपवून गावी द्राक्षबाग बघतात. मुलानं गाडीची चावी काढून घेतली तेव्हा आले, आणि सोबतीला धाकट्या भावाला घेऊन आले. धाकटे चुलते 51 चे, बोलके.

वडिलांनी दाराशी चप्पल काढली. सँडल होती, पण टाचेमागचा पट्टा ब्लेडनं कापून टाकलेला. का कापला म्हणून विचारलं. “घासतंय. मागची शीर जाड हाय माझी.” मी त्यांना टेबलावर पालथं झोपायला सांगितलं आणि पावलं टेबलाबाहेर काढली.

टाचेच्या वरची शीर, आम्ही तिला कंडरा म्हणतो, चिमटीत धरली की ताणलेल्या सुतळीसारखी लागते. दोन्ही बाजूंनी बोटं जवळजवळ टेकतात. वडिलांची माझ्या अंगठ्याहून जाड होती. कडक, आणि एकसारखी नाही, मध्ये गाठीगाठीची. दाबलं तरी दुखत नव्हतं. हाताची मूठ वळायला सांगितली तर मधल्या दोन बोटांच्या पेरांमागं तशाच बारीक गाठी वर आल्या आणि बोटं उघडताना शिरेबरोबर सरकल्या. हे कोलेस्ट्रॉल असतं. रक्तात वर्षानुवर्षं जास्त राहिलं की ते कंडरांत साचत जातं. माझ्या सगळ्या प्रॅक्टिसमध्ये मी हे तीनदा बघितलंय. तीनदा ओळखलंय असं म्हणणं जास्त खरं.

“भट्टीपुढं उकिडवं बसून बसून झालंय ते,” वडील पालथ्यानंच म्हणाले.

धाकटे चुलते खुर्चीवर बसले होते. त्यांनी आपला पायजमा वर केला, वाकून स्वतःची टाच चाचपली आणि म्हणाले, “दादा, मी तुज्यापेक्षा सात वर्सं जास्त बसलोय. माजी का न्हाई जाडली?”

खोलीत कुणी काही बोललं नाही. मी पुढं तासभर समजावून जे पटवू शकलो नसतो ते त्या एका वाक्यानं केलं. तोच धंदा, तोच धूर, तेच घरचं जेवण. एका भावाची टाच अंगठ्याएवढी, दुसऱ्याची सुतळीएवढी. धाकट्यांचं एलडीएल नंतर 104 आलं. वडिलांचं 271.

मग मी वडिलांना तो प्रश्न विचारला जो 2022 मध्ये विचारायला हवा होता. तेव्हा ते छातीत जळजळतं म्हणून आले होते आणि मी पित्ताची गोळी देऊन पाठवलं होतं. आता विचारलं की ही जळजळ कधी होते. बागेच्या चढाला. थांबलं की? दोन मिनिटांत राहते. जेवणाशी तिचा काही संबंध नव्हता. साधा ईसीजी चांगला होता, पट्ट्यावर चालवून काढलेला चांगला नव्हता. मिरजेला अँजिओग्राफी झाली, तिन्ही रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले आणि मार्चमध्ये बायपास झाली. ते बरे आहेत.

ऊसवाहतुकीचं गणित

आजाराचं नाव फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. मी घरच्यांना समजावताना ते नाव एकदाच घेतलं आणि साखर कारखान्यावर आलो.

एलडीएल म्हणजे उसाच्या गाड्या आणि यकृत म्हणजे कारखाना. गाड्या रिकाम्या करायला गव्हाणी असतात. यकृताच्या पेशींवर तशा ग्राहक जागा असतात, त्या रक्तातलं एलडीएल पकडून आत ओढतात. ब्राउन आणि गोल्डस्टाइन या अमेरिकी संशोधकांनी याच आजाराच्या रुग्णांच्या पेशींवर काम करून या जागा शोधल्या, त्याबद्दल त्यांना 1985 चं नोबेल मिळालं. गव्हाणी बांधायचा नकाशा प्रत्येकाला दोन प्रतींत मिळतो, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक प्रत चुकीची आली की निम्म्या गव्हाणी बंद. मग गाड्यांची रांग कारखान्याच्या फाटकापासून हमरस्त्यापर्यंत. ऊस कमी तोडला, म्हणजे तूप-मटण बंद केलं, तर रांग थोडी घटते. पण गव्हाण बंद ती बंदच. आणि ही रांग हंगामापुरती नसते, जन्मल्या दिवसापासून असते. म्हणून पळणाऱ्या, न पिणाऱ्या माणसाचंही चाळिशीत हृदय बंद पडतं.

साधारण अडीचशे ते तीनशे माणसांत एकाला हा दोष असतो. फार दुर्मीळ म्हणता येणार नाही. उपचार झाले नाहीत तर अशा पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीपर्यंत हृदयाचा त्रास गाठतो, बायकांपैकी सुमारे 30 टक्क्यांना साठीपर्यंत. आत्या 58 पर्यंत धडधाकट राहिल्या त्यात हेही आलं. दोषी प्रत पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता प्रत्येक मुलामागं निम्मी. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही, वंशावळीत तो असला तरी.

निदानासाठी जनुकांची महागडी तपासणी लागतेच असं नाही. डच लिपिड क्लिनिकची एक गुणपद्धती आम्ही वापरतो. मुलाला एलडीएल 250 च्या पुढं म्हणून 5 गुण, वडिलांच्या कंडरेत गाठी म्हणून 2. एकूण 7, म्हणजे आजार ‘संभाव्य’. आठच्या वर गेलं की ‘निश्चित’. वडिलांचे 14 झाले. बापाचं निश्चित असताना पोराच्या सातावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मुलानं तरी वाद घातला. तीन महिने द्या, म्हणाला, खाण्यावर आणून दाखवतो. मी दिले. काही सहकारी याला चूक म्हणतील. पण सत्ताविसाव्या वर्षी तीन महिन्यांनी आभाळ कोसळत नाही, आणि जन्मभर गोळी घ्यायची असेल तर ती का घ्यायची हे स्वतःच्या रिपोर्टावर बघितलेला माणूस ती सोडत नाही. त्यानं मटण सोडलं, तूप सोडलं, आईच्या हातचं लोणी सोडलं, तीन किलो उतरला. एलडीएल 239. त्याच दिवशी रोसुव्हास्टॅटिन सुरू केली. ही गोळी यकृताला आणखी गव्हाणी उघडायला लावते. सहा आठवड्यांनी 128, त्यात एझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडल्यावर 97. सत्तरच्या आत आणायचं आहे.

सोयरीक

आता यातला सगळ्यांत नाजूक भाग. वडील मिरजेहून घरी आल्यावर मुलाची आई एकटीच मला भेटायला आली. म्हणाली, “डॉक्टर, गोळ्या द्या, तपासण्या करा, पण कागदावर आनुवंशिक म्हणून लिहू नका. पोरगं लग्नाचं आहे, पोरगी लग्नाची आहे. घराण्यात आजार आहे म्हटल्यावर दारात कोण उभं राहील?”

तिला मी उपदेश केला नाही. ती म्हणते ते खरं आहे. स्थळं बघताना आमच्याकडं घराण्याचा डाग काढायला लोक तीन गावं फिरतात. मी फायलीत पूर्ण निदान लिहिलं, गोळ्यांच्या चिठ्ठीवर लिहिलं नाही. चिठ्ठी औषधांच्या दुकानात जाते, आणि दुकानदार भावकीतला आहे.

पण मला दुसरंच एक कळलं होतं. मुलाची बहीण, 23 वर्षांची, आत्यांच्या मुलाला द्यायचं घरात कित्येक वर्षांपासून ठरल्यासारखं होतं. मामाची पोरगी करायची आमच्याकडं रीतच आहे. इतर वेळी मी त्यात पडत नाही. इथं पडावं लागलं, कारण आत्यांना दोष आहे, वडिलांना दोष आहे, म्हणजे दोघांच्याही मुलांना तो असण्याची शक्यता निम्मी-निम्मी. दोघांकडं निघाला तर त्यांच्या प्रत्येक मुलाला दोन्ही प्रती खराब मिळण्याची शक्यता चारात एक. तशा मुलांचं एलडीएल चारशे-पाचशेच्या पुढं जातं आणि हृदयविकार पंधरा-वीस वर्षांच्या आत येऊ शकतो. तिथं गोळ्याही पुऱ्या पडत नाहीत. मुळात गव्हाणीच नाहीत, तर उघडणार काय.

दोन्ही आयांना समोरासमोर बसवून हे सांगितलं. आई रडायला लागली. आत्या म्हणाल्या, “मग आदी दोगांचं रगात बगा. पत्रिका मागनं बगू.”

बहिणीचं 96 आलं, निर्दोष. आत्यांच्या मुलाचं, तो 31 चा, पुण्यात नोकरीला, 214. वैद्यकीयदृष्ट्या त्या लग्नातला मोठा धोका टळला होता. ती सोयरीक तरीही झाली नाही, आणि त्याचा कोलेस्ट्रॉलशी काही संबंध नव्हता. पोराचं पुण्यात आधीच जमलेलं होतं. रक्त द्यायला आला तेव्हा बळ एकवटून आईला तेही सांगून गेला.

आत्यांची मुलगी बारामतीकडं दिलेली. तिचं 201 निघालं. तिनं रिपोर्ट आपल्या फोनवर पाठवू दिला नाही, नवरा-सासू फोन बघतात म्हणाली. आईच्या फोनवर पाठवा. दुसऱ्या बाळाचा विचार आहे, म्हणून या गोळ्या तूर्त नाहीत, तपासणी तेवढी चालू आहे. सासरी अजून माहीत नाही. यावर माझ्याकडं काही तोडगा नाही.

यात्रा

अमेरिकेत सर्जन जनरल, म्हणजे तिथल्या सरकारचे प्रमुख आरोग्य सल्लागार, यांनी 2004 पासून थँक्सगिव्हिंगचा दिवस कौटुंबिक आरोग्याचा इतिहास काढण्याचा दिवस म्हणून जाहीर केला. सगळं घर जेवायला एकत्र येतं, तेव्हा विचारून घ्या, अशी कल्पना. आमच्या गलाईवाल्यांना असा एकच दिवस असतो, गावची यात्रा. वर्षभर चार राज्यांत पांगलेली भावकी त्या दोन दिवसांत एका पंगतीला बसते. चैत्रातल्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, मटणाच्या दिवशी, लॅबचा मुलगा नळ्या घेऊन त्यांच्या घरी गेला. हल्ली या तपासणीला उपाशी राहायची सक्ती नाही, पण आत्यांनी आपला कायदा केला होता: रक्त दिल्याशिवाय ताटावर बसायचं नाही. चौदा जणांनी दिलं. वीस-बावीस वर्षांची पोरंच आधी कुरकुरली. आम्हाला काय होतंय, म्हणून. खर्च माणशी पाचशेच्या आतला.

त्या पोरांचं मला नवल वाटत नाही. आशाताई जो अर्ज घेऊन घरोघरी जातात तो तीस वर्षांपुढच्यांसाठी, आणि त्यात घराण्याबद्दलचा प्रश्न आई-वडील आणि भावंडांपुरता. आजोबा-चुलते त्यात येत नाहीत. विम्याचा अर्ज विचारतो ‘आहे का’. ज्यांना होतं ते मेलेले. मग ‘आहे’ला उत्तर ‘नाही’ येणारच. मराठीत हा प्रश्न वर्तमानकाळात विचारून भागत नाही, एवढं या प्रकरणानं मला शिकवलं. आता मी विचारतो: घरात पन्नास-पंचावन्नच्या आत कोण गेलं? जेवता-झोपता-चालता अचानक कोण गेलं? त्या वेळी जवळ कोण होतं? आणि शेवटी, तुमच्या घरातली कुणाकुणाची कशी अखेर झाली हे आठवणारी बाई कोण, आणि तिचा फोन नंबर काय? तिसरा आणि चौथा प्रश्न विचारला की बहुतेक पोरं आत्याला, नाहीतर मावशीला फोन लावतात.

मुलानं विम्याचा अर्ज पुन्हा भरला, सगळं खरं लिहून. हप्ता वाढला. वंशावळीच्या पीडीएफची त्यानं दुसरी प्रत केली, तीत गोल आहेत आणि प्रत्येकापुढं वय.

एक चौकोन अजून कोरा आहे. थोरल्या चुलत्यांना दोन मुलं. धाकटा कोइमतूरला दुकान बघतो, त्याचं 222, गोळ्या चालू. थोरला कोलकात्याला असतो, 36 चा. यात्रेला तिकीट मिळालं नाही म्हणून आला नाही, तिकडच्या लॅबमध्येही गेला नाही. त्याला नऊ वर्षांची मुलगी आहे. बापाला दोष निघाला तर या वयात तिचंही रक्त बघायला हवं. मुलगा त्याला महिन्यातून एकदा फोन करतो. तो दरवेळी म्हणतो, पुढच्या यात्रेला येतो, तेव्हा तिथंच करू. 2025 च्या यात्रेलाही तो आला नाही. आत्या आता थोरल्या वहिनीला फोन लावतात, तिच्या मालकाच्या त्या शेवटच्या दोन महिन्यांबद्दल पोराशी तिनंच बोलावं म्हणून.